हैबतीमामाचा उघडा भाव

जून जवळ आला की कॉमर्सला जाणारी पोरं आणि त्यांचे बाप माझ्या ओसरीवर येऊन बसतात. मी जन्मभर कॉमर्स शिकवलं, तेव्हा मला काहीतरी ठाऊक असणार असा त्यांचा समज. ‘सर, आधीपासून काय वाचून ठेवू?’, ‘इंग्रजी किती पक्कं लागतं?’, ‘मुंबईला जाताना काय काय न्यावं?’ मी चष्मा पुसतो, घसा खाकरतो आणि जे सांगतो ते ऐकून बापाचा चेहरा पडतो. मी म्हणतो, आधी दोन महिने कुठल्यातरी बाजारात उभा राहा. नदीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायला शीक. वर्गात कळलं नाही तर तिथंच, त्याच क्षणी, कळलं नाही म्हण. आणि सौदा होईपर्यंत समोरच्याची बिस्किटं खाऊ नकोस.

म्हातारा चळला, असं बाप मनात म्हणतो. चळलोही असेन. पण हे शहाणपण माझं नाही, हैबतीमामाचं आहे. आणि हैबतीमामा चळलेला मुळीच नव्हता. तो फक्त ऐकत नव्हता. कुणाचंच.

हैबतीमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. धंद्यानं हेडी. म्हणजे एका बाजारात गुरं घ्यायची आणि दुसऱ्या बाजारात नेऊन विकायची. आमच्या मुळशी खोऱ्यात ‘हेडी आला’ म्हटलं की लोक आधी आपली गाय जागेवर आहे ना ते बघत. मामा उंच, हाडापेरानं मोठा, आणि डावा कान बैलाच्या शिंगानं चिरलेला. दुसरा कुणी असता तर मुंडासं जरा खाली ओढून तो कान झाकता. मामा मुंडासं असं बांधी की तो कान पहिला दिसावा. कुणी विचारलं तर म्हणे, “बैलानं दिलाय. चोरून आनलाय व्हय, झाकायला?”

झाकणं या गोष्टीशीच त्याचं वाकडं होतं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातावर उपरणं टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. दहाचे पाच की शंभराचे, ते जनावर बघून समजायचं. चार माणसं भोवती उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. सगळा बाजार पिढ्यान्‌पिढ्या असाच चाललेला. एकटा मामा उपरणं ठेवीत नसे. तो बैलाच्या पाठीवर थाप मारून भाव मैदानभर ओरडायचा. बाकीचे हेडी कपाळाला हात लावत. “हैबती, आरं धंदा बसवतूस आमचा!” मामाचं उत्तर ठरलेलं, “झाकून करायच्या गोष्टी दोनच. त्यातली येक आंगूळ.”

तो सत्यवादी होता असं मात्र समजू नका. आठ वर्षांचा बैल पाच वर्षांचा म्हणून सांगताना त्याची पापणी लवत नसे. पण तो खोटं बोले तेही मोठ्यानं, त्यामुळे भोवतीच्या चौघांना त्याला तिथल्या तिथं खोटं पाडता येई. पाडलं की तो खूश होऊन म्हणे, “बघा, हाय का न्हाई बाजार शाना!”

ते दिवस धरणाचे होते. मुळा नदीला भिंत घालायची आणि त्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज काढायची, असं एका वीज कंपनीनं आणि सरकारनं वर कुठंतरी ठरवलं होतं. आम्हाला खाली कळलं तेव्हा आखणीचे खुंट ठोकून झाले होते. मामाचं गाव, नदीच्या अलीकडचं आमचं गाव, आंबेमोहराची खाचरं, काठावरचं बाजाराचं मैदान, सगळं पाण्याखाली जायचं होतं. काही लोक सत्याग्रहाला बसले, काही तुरुंगात गेले. उरलेल्यांच्या घराघरांत एकच बोलणं, जमीन द्यायची की नाही. मामाची चार खाचरं होती, अगदी नदीला लागून. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. “न्हाई.”

“पण मामा, का नाही?” मी पुण्यात मॅट्रिक झालो होतो, मला कारणं लागत.

“बैल इकायचा नसला तर कोन इचारतं का रं, का न्हाई म्हून? न्हाई इकायचा म्हंजी न्हाई इकायचा.”

मला मुंबईच्या कॉमर्स कॉलेजात जायचं होतं. खोऱ्यातून तिथं आजवर कुणी गेलेलं नव्हतं. फी कुठून येणार, याबद्दल माझे वडील, आबा, काही बोलत नव्हते. आणि आबा गप्प असले की काहीतरी ठरवत असत. ठरेपर्यंत त्यांनी मला मामाकडं पाठवलं. “व्यापार शिकाया निगालाय. आदी येक म्हस तरी इकून दावू दे मामाला,” एवढंच ते आईला म्हणाले.

मी गेलो तो कडक कॉलर घालून, इंग्रजी अर्थशास्त्राचं पुस्तक काखेत मारून. पुण्याच्या शाळेत आमच्या हेडमास्तरांनी निरोप देताना मला साहेबी हस्तांदोलन शिकवलं होतं. पंजा पूर्ण धरायचा, घट्ट धरायचा, तीनदा हलवायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. मुंबईत याच्यावाचून पान हलत नाही म्हणे. मी वाटभर सागाच्या खोडांशी सराव करत आलो होतो.

पहिल्याच बाजाराला मामा पाणी प्यायला नदीवर गेला आणि मला गुरांपाशी उभं करून गेला. तेवढ्यात ताम्हिणीच्या बाजूचा एक हेडी एक बैल घेऊन माझ्यासमोर थांबला. गोड हसला. हातावर उपरणं टाकलं आणि हात पुढं केला. मला काय आनंद झाला! या रानात एक तरी सभ्य माणूस भेटला. मी उपरण्याखाली हात घातला, त्याचा पंजा पूर्ण धरला, घट्ट धरला, तीनदा हलवला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

मामा परत आला तेव्हा मी एका बैलाचा मालक झालो होतो. बैलाला उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. डाव्यानं तो माझ्याकडं बघत होता, आणि त्या एका डोळ्यातही त्याला माझ्याबद्दल काय वाटतं ते स्पष्ट होतं.

“तुमच्या भाच्यानं पाच दिलं,” हेडी म्हणाला. “हात दिला म्हंजी दिला. बाजाराचा कायदा हाय.”

“हाय ना,” मामा शांतपणे म्हणाला. “दिला आसंल तर घेतला बैल. फकस्त येक कर. ते उपरनं काड, बैलाच्या म्होरं हुबा ऱ्हा, आन त्योच भाव तोंडानं बोल. मोठ्यानं. समद्यांनी ऐकू दे, ह्या बैलाचं किती म्हन.”

माणसं जमली. हेड्यानं बैलाकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मागून कुणीतरी ओरडलं, “बोल की, हैबतीच्या भाच्याला डोळा न्हाई तरी आमाला हाय!” हशा पिकला. हेडी बैल घेऊन चालता झाला. मी कॉलर काढून खिशात घातली.

“काय शिकलास?” मामानं विचारलं.

“हात द्यायचा नाही.”

“गाडवा, हात द्यायचा. झाकून द्यायचा न्हाई.”

त्यानंतर माझं शिक्षण रीतसर सुरू झालं. माझा आवाज मामाला पसंत नव्हता. “तू घशात बोलतुयास. तितं मुंबैत शंभर पोरांच्यात तुजं कोन ऐकनार?” म्हणून तो मला सकाळी नदीच्या एका काठावर उभं करी, स्वतः पलीकडच्या काठावर जाऊन बसे, आणि मी त्याला एक शेळी विकायची. शेळी माझ्याकडं, गिऱ्हाईक पलीकडं, मधे मुळा वाहतेय. “ही शेळी अत्यंत उपयुक्त...” मी सुरू करी. पलीकडून आवाज येई, “काय? आइकू येत न्हाई!” खाली धुणं धुणाऱ्या बायका मान वर करत. त्यातली एक म्हणाली, “बाळा, शेळीच वराडतीया तुज्यापरीस चांगली. तिलाच धाड मुंबैला.” आठवडाभरात माझा घसा बसला. दुसऱ्या आठवड्यात सुटला. पुढं एक दिवस मामा पलीकडून ओरडला, “घेतली शेळी! आता गप बस, रानातली पाखरं उडाली!” मला पुढं पदव्या मिळाल्या, पण इतका फुगलो नाही.

दुसरा धडा प्रश्नांचा. मामा जनावर दाखवताना मुद्दाम काहीतरी अवघड बोले आणि माझ्याकडं बघे. मी मान डोलावली की काठी पोटरीवर बसे. “कळलं का?” “हो.” काठी. “कळलं का?” “...नाही.” “हां! न्हाई कळलं म्हनाया लाजलास की दुसऱ्याच्या भावानं इकला जाशील.”

त्याचे सगळे सल्ले सोन्याचे होते असं नाही. ज्याच्या वहाणेला धूळ नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, असं त्यानं बजावलं होतं. त्या हिशेबानं मुंबईत मला एकही माणूस विश्वासाचा सापडता ना. घोंगडं घेतल्याशिवाय जाऊ नकोस, हाही त्याचाच हुकूम. मुंबईच्या घामात ते घोंगडं मी चार वर्षं कशाकशासाठी वापरलं ते सांगण्यासारखं नाही.

असं चाललं असताना खोऱ्यात रावसाहेब आला. तो कंपनीचा नव्हता आणि सरकारचाही नव्हता. लोकांच्या जमिनी स्वस्तात गोळा करून पुढं कंपनीला देणारा पुण्याचा दलाल. रावसाहेब हे नाव लोकांनीच त्याच्या छत्रीवरून ठेवलं होतं. बोलणं मऊ, इतकं मऊ की पुढं झुकूनच ऐकावं लागे. तो एकेकाला बाजूला बोलावून घेई, खांद्यावर हात ठेवी आणि कानात भाव सांगे. “तुमचं घराणं पाहून तुम्हाला म्हणून हा आकडा. बाहेर बोलू नका, बाकीच्यांना एवढा मिळणार नाही.” माणूस परत येई तो जरा ताठ चालत. शेजाऱ्यानं विचारलं तर म्हणे, “काय न्हाई, ख्यालीखुशाली.” थोड्याच दिवसांत सगळं गाव ताठ चालायला लागलं. मामाची चार खाचरं मधोमध होती, पण भोवतीचे सगळे गेल्यावर मधला एकटा किती टिकणार?

मी मॅट्रिक झाल्याचं रावसाहेबाला कळलं. त्यानं मला चावडीवर बोलावून घेतलं, इंग्रजीत दोन वाक्यं बोलला आणि विलायती बिस्किटांचा डबा माझ्यासमोर ठेवला. मी बिस्किट पहिल्यांदाच बघत होतो. पुढची मोजली नाहीत. “कॉमर्सला जाताय! वा! असे तरुण पाहिजेत,” तो म्हणाला, आणि आवाज आणखी उतरवून, “फीची काळजी नको. वडिलांचं आमचं ठरलंय.” आकडाही सांगितला. “तुम्ही शिकलेले, म्हणून बोललो. मामांना जरा समजवा.”

मी तरंगत परत आलो. मामा दावं वळत बसला होता. त्यानं नाक वर केलं.

“तोंडाला कसला वास येतुया?”

“बिस्किटं.”

“कुनाची?”

मी सांगितलं.

“किती खाल्लीस?”

“डबा.”

मामानं दाव्याला पीळ दिला. “मंग घेतला त्यानं तुला. लई सस्ता गेलास भाच्या.”

आबांचं काय ठरलंय ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी मुंबई तिथंच बुडत होती. मामानंही विचारलं नाही.

पुढच्या बाजाराला रावसाहेब मैदानावरच आला. सगळी माणसं एका जागी मिळणार, तेव्हा त्याच दिवशी अंगठे घ्यायचे असा त्याचा बेत. आंब्याखाली टांगा उभा केला आणि टांग्याच्या आडोशाला एकेकाला बोलवायला लागला. आमचे आबाही नदी ओलांडून आले होते, धुतलेली बंडी घालून. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

पहिला माणूस टांग्याकडं निघाला आणि मामाचा आवाज फुटला.

“रावसायेब! तितं आडूशाला नगं. हितं मैदानात या.”

रावसाहेब हसत पुढं आला. “काय पाहुणे?”

“ह्या लोकांस्नी येकेकाला काय भाव बोललायसा, त्यो हितं हुबं ऱ्हाऊन बोला. मोठ्यानं.”

“अहो, व्यवहार ज्याचा त्याचा असतो. खासगी गोष्ट आहे.”

“खाजगी तर माजी बायकूबी हाय. पन लगीन मांडवात झालं.”

मैदान हसलं, पण लगेच गप्पही झालं. कारण मामा आता लोकांकडं वळला होता. “त्यो बोलत न्हाई. तुमी बोला. गेनू, तू सांग. तुला काय म्हनला?” गेनू आमच्या आबांच्या खाचराला लागूनच्या खाचराचा मालक, त्यानं बैलाच्या शेपटीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. मामानं दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. कुणी बोलेना. प्रत्येकाच्या पोटात आपलाच आकडा सगळ्यांत मोठा होता, आणि तो फुटला तर मोडेल अशी भीती. रावसाहेबाच्या चेहऱ्यावर हसू परत आलं. मामाचा चिरलेला कान लाल झाला. त्याला तसा एकटा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

शेवटी तो आबांसमोर जाऊन उभा राहिला. “दाजी, तुमी तरी.”

आबा वहाणेकडं बघत राहिले. बघताबघता त्यांनी टांग्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

तेव्हा मी ओरडलो. विचार केला म्हणावं तर खोटं होईल; शेळी विकायची सवय होती, तोंड उघडलं आणि आवाज नदीपार गेला. आबांचा आकडा मी सगळ्या बाजाराला सांगितला. पलीकडच्या काठावरची गुरंसुद्धा वळून बघायला लागली.

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत माझं कॉलेज, माझी मुंबई, माझा जेवणाचा पाट, सगळं गेलेलं मला दिसलं. पण त्यांनी काही बोलायच्या आत मागून एकजण किंचाळला, “आन मला त्येच्या निम्मं?” दुसरा म्हणाला, “निम्मं तरी! मला पाव!” आणि मग गेनूनं घात केला. शेपटी सोडून तो अभिमानानं म्हणाला, “मला तर ह्याच्याहून जास्ती बोललाय.”

आबा गर्रकन वळले. “काय म्हनलास? तुला जास्ती? माज्या खाचराचं पानी फुटून तुज्या खाचरात जातं, आन तुला जास्ती?” त्यांनी मला सोडलं, गेनूलाही सोडलं, आणि धुतलेल्या बंडीच्या बाह्या वर करत ते थेट रावसाहेबाकडं निघाले. “ये छत्रीवाल्या! माजं घरानं बघून व्हय रं?”

पुढं कोण काय बोललं ते सांगता येणार नाही. सगळेच बोलत होते आणि सगळेच उघड बोलत होते. एवढं खरं, की त्या दिवशी एकही अंगठा उठला नाही. टांगा गेला तेव्हा छत्री मैदानातच राहिली होती. मामानं ती उचलली नाही, कुणाला उचलूही दिली नाही. “ऱ्हाऊ दे. त्यो मोठ्यानं मागंल तवा देऊ.”

घरी गेल्यावर आबा एवढंच म्हणाले, “फीचं आता तुजं तू बघ.”

“बघंल की,” दारातून मामा म्हणाला. “तोंड दिलंय न्हवं त्याला?”

आणि बघितलं. मुंबईत बोर्डिंगात राहिलो आणि संध्याकाळी भाजीबाजारात एका आडत्याकडं लिलाव पुकारायचं काम धरलं. माझा आवाज ऐकून त्यानं दुसरं काही विचारलंच नाही. कॉलेजात नाव घालायला गेलो तेव्हा गोऱ्या प्रिन्सिपॉलनं हात पुढं केला, तर मी आधी वाकून त्याच्या हाताखाली-वर काही कापड आहे का ते पाहिलं. त्याला वाटलं, या देशातला हा काहीतरी आदराचा प्रकार असावा. त्यानंही वाकून माझा हात पाहिला. वर्गात पहिल्याच दिवशी मी उठून “कळलं नाही, सर” म्हणालो. शंभर पोरं हसली. तास सुटल्यावर त्यातली निम्मी मला जिन्यात गाठून म्हणाली, “अरे, आम्हालाही नव्हतं कळलं.” त्यांतले तिघे पुढं माझे जन्माचे मित्र झाले.

धरण मात्र झालं. रावसाहेबाला हाकलता आलं, कायद्याला टांगा नव्हता. सरकारनं हुकमानं जमिनी घेतल्या, भिंत चढली आणि पाणी मागं मागं सरकत खाचरांत, मग मैदानात, मग मामाच्या उंबऱ्यात आलं. पोलिसांनी मामाला दोनदा उचलून बाहेर ठेवलं, दोनदा तो परत जाऊन बसला. तिसऱ्यांदा परत जायला घर नव्हतं. त्याच्या खाचरांची भरपाई कचेरीत जमा होती. अंगठा द्यायचा आणि घेऊन जायची. मामा कचेरीच्या वाटेलाही गेला नाही.

मी सुट्टीत त्याला भेटायला गेलो तेव्हा तो पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर, कुडाचं खोपटं घालून राहत होता. कंपनीनं पाण्याच्या हद्दीवर इंग्रजी अक्षरं कोरलेले दगड रोवले होते. त्यातल्या एका दगडाला मामानं आपली गाय बांधली होती. आम्ही बोलत बसलो तोच कंपनीचा राखणदार आला. जवळच्याच गावचा पोरगा, नव्या खाकी कपड्यात अवघडलेला.

“तात्या, किती डाव सांगू? गाय सोडा. दगड कंपनीचा हाय.”

“दगड आसंल. रान कुनाचं?”

“तेबी कंपनीचं.”

“कुनी इकलं?”

पोरगा खाकीचं बटण चाचपायला लागला.

“मी इकलं?”

“न्हाई तात्या.”

“मंग ज्यानं इकलं त्याला हितं घिऊन ये. त्यो माज्या तोंडावर सांगू दे, मी इकलं म्हून. लगीच सोडतो गाय.”

पोरग्यानं गाईच्या दाव्याला हात लावला आणि काढून घेतला. मग म्हणाला, “कचेरीत पैसं पडल्यात तुमचं. अंगठा दिला आसता तर...”

“पडू देत,” मामा म्हणाला. “त्यास्नी रोज सकाळी दिसू देत. बस, ताक पी.”

मी निघालो तेव्हा ऊन कलतं होतं. ताम्हिणीच्या रस्त्याला लागेपर्यंत बरंच वर चढावं लागे. वळणावर थांबून मी खाली पाहिलं. सगळं खोरं पाण्यानं भरलं होतं आणि चकाकत होतं. त्या पाण्याकडं पाठ करून मामा बसला होता. राखणदार दूर सावलीत ताकाचा गडगा दोन्ही हातांत धरून पीत होता. आणि गाय त्या दगडावर, कोरलेल्या अक्षरांवर, सावकाश मान घाशीत होती.